खुराड्यातील अमानत

समस्त स्तुती त्या अल्लाहसाठी, ज्याने आकाशात पंख पसरणाऱ्या पाखराला तोलून धरले आणि अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबडीच्या उपजीविकेचा भारही स्वतःवर घेतला. दुरूद व सलाम अंतिम प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांना सर्व जगांसाठी करुणा म्हणून पाठविण्यात आले.

सन्माननीय बंधू-भगिनींनो, दिव्य कुरआनच्या सूरह अल-अनआममधील 38 व्या आयतीत अल्लाहने एक मोठे सत्य सांगितले आहे. पृथ्वीवर चालणारा प्रत्येक प्राणी आणि पंखांनी उडणारा प्रत्येक पक्षी हे मानवासारखेच समुदाय आहेत, त्यांची नोंद ठेवण्यात काहीही उणीव राहिलेली नाही आणि शेवटी त्यांनाही आपल्या पालनकर्त्यासमोर एकत्र केले जाणार आहे, असा या आयतीचा आशय आहे. ही आयत आपण अनेकदा वाचतो. परंतु वाचताना आपल्या डोळ्यांसमोर गरुड येतो, उंट येतो, फार तर मधमाशी येते. आपल्याच परसातील खुराडे मात्र येत नाही. म्हणून आजच्या निवेदनासाठी विषय मुद्दाम तेथूनच घेतला आहे: आपण पाळलेली कोंबडी आजारी पडली, जखमी झाली, तर एक श्रद्धावंत म्हणून आपल्यावर काय बंधनकारक आहे?

काहींना हा विषय क्षुल्लक वाटेल. नमाज, जकात, वारसाहक्क, व्याज असे गंभीर प्रश्न समोर असताना कोंबडीविषयी काय बोलायचे? आपल्याकडे घरोघरी ऐकू येणारी ‘घर की मुर्गी दाल बराबर’ ही म्हण हेच सांगते की, जी वस्तू हाताशी आहे तिची किंमत माणसाला राहत नाही. परंतु माणसाच्या धर्मनिष्ठेची परीक्षा बहुधा जेथे कोणी पाहत नाही आणि जेथे समोरच्याला तक्रार करता येत नाही, तेथेच होते. शेजाऱ्यावर अन्याय झाला तर तो बोलेल, मजुराची मजुरी बुडविली तर तो दारात उभा राहील. खुराड्याच्या कोपऱ्यात पिसे फुगवून, मान खाली घालून बसलेली कोंबडी कोणाकडे जाणार?

‘शेवटी खायचीच तर आहे’

या विषयावर बोलू लागले की एक प्रश्न हमखास पुढे येतो. आज ना उद्या जिच्या गळ्यावर सुरी फिरवायची आहे, तिच्यावर औषधपाण्याचा खर्च कशासाठी? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घरात मुलाच्या तापाच्या गोळ्या आणतानाही खिसा चाचपावा लागतो, त्या घरातून तो येतो. म्हणून त्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे.

कोंबडीचे मांस हलाल आहे, यात शंका नाही. ह. अबू मूसा अशअरी (रजि.) यांच्यापुढे कोंबडीचे मांस वाढले गेले असता एका माणसाने हात आखडता घेतला. त्याने कोंबडीला घाण खाताना पाहिले होते व ती न खाण्याची शपथ घेतली होती. ह. अबू मूसा (रजि.) यांनी त्याला जवळ बोलाविले आणि आपण स्वतः प्रेषितांना (स.) कोंबडी खाताना पाहिले आहे, असे सांगितले. हा प्रसंग सहीह बुखारीत आहे. म्हणजे खाण्याची अनुमती स्पष्ट आहे. प्रश्न असा आहे की, ही अनुमती आपल्याला काय देते आणि काय देत नाही.

जबह करताना आपण अल्लाहचे नाव घेतो. ते का घेतो? कारण तो जीव आपला नाही. ज्याचा आहे, त्याच्या परवानगीने आणि त्याच्याच नावाने आपण तो घेतो. परवानगी जीव घेण्याची आहे, तीही आहारासाठी आणि ठरवून दिलेल्या रीतीने. त्या जीवाला तळमळत ठेवण्याची परवानगी कोणालाही देण्यात आलेली नाही. ह. शद्दाद बिन औस (रजि.) यांच्या कथनानुसार, अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान म्हणजे उत्तम व्यवहार अनिवार्य केला आहे. जबह करायचे तर तेही उत्तम रीतीने करावे, सुरीला धार लावावी आणि प्राण्याला आराम द्यावा, अशी ताकीद प्रेषितांनी (स.) दिली. विचार करा, ज्या शरीअतने अखेरच्या क्षणीदेखील प्राण्याच्या आरामाची चिंता केली, ती शरीअत त्याच्या आजारपणातील दहा दिवसांविषयी उदासीन कशी राहील?

एका माणसाने प्रेषितांजवळ (स.) निवेदन केले की, बकरी जबह करताना मला तिची दया येते. प्रेषितांनी (स.) त्याला दुबळा म्हटले नाही. तू बकरीवर दया केलीस तर अल्लाह तुझ्यावर दया करील, असे त्यांनी सांगितले आणि ते पुन्हा एकदा सांगितले. ही हदीस इमाम बुखारी (रह.) यांनी ‘अल-अदबुल मुफ्रद’मध्ये नोंदविली आहे. हातात सुरी आणि हृदयात दया या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, किंबहुना असल्याच पाहिजेत, हे यावरून समजते.

मांजर, कुत्रा आणि उंट

सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एका स्त्रीचा उल्लेख आहे. तिने एक मांजर कोंडून ठेवली. स्वतः खाऊ घातले नाही आणि जमिनीवरील किडे-मुंग्या खाण्यासाठी मोकळेही सोडले नाही. मांजर मेली आणि त्या कारणाने ती स्त्री नरकाग्नीस पात्र ठरली. येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी. त्या स्त्रीने मांजरीला मारहाण केल्याचे हदीसमध्ये म्हटलेले नाही. तिचा अपराध कोंडण्याचा आणि दुर्लक्षाचा होता. ज्या क्षणी आपण एखाद्या जीवाची स्वतःहून अन्न शोधण्याची वाट बंद करतो, त्या क्षणी त्याचे अन्न आपल्या जबाबदारीवर येते. खुराड्याची कडी आपण लावतो, डालग्याखाली कोंबडी आपण झाकतो. ती कडी लावताना आपण एक करार करीत असतो आणि त्या कराराचा साक्षीदार अल्लाह असतो.

याच्या उलट बाजूस त्या पापी माणसाचा प्रसंग आहे, ज्याने तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून आपल्या मोज्यात पाणी भरले, तो मोजा तोंडात धरून वर आणला आणि कुत्र्याला पाजले. अल्लाहने त्याच्या कृतीची कदर केली व त्याला क्षमा केली. सहाबांनी विचारले की, जनावरांच्या बाबतीतही आम्हाला पुण्य मिळते काय? उत्तर मिळाले की, ज्याच्या काळजात ओलावा आहे अशा प्रत्येक सजीवाच्या बाबतीत मोबदला आहे. आजारी कोंबडीच्या चोचीजवळ धरलेली पाण्याची वाटी या वचनाच्या बाहेर कशी राहील?

तिसरा प्रसंग उंटाचा आहे. एका उंटाचे पोट पाठीला लागलेले पाहून प्रेषितांनी (स.) या मुक्या जनावरांच्या बाबतीत अल्लाहचे भय बाळगण्याची आज्ञा दिली आणि ती सुस्थितीत असताना त्यांच्यावर स्वार व्हा व सुस्थितीत असताना त्यांना खा, असे बजाविले. मूळ अरबीत जनावरांसाठी येथे ‘मुअजमा’ हा शब्द आला आहे. ज्याला आपले म्हणणे मांडता येत नाही, तो. आपल्या मराठीतही शेतकरी सहजपणे ‘मुके जनावर’ म्हणतो. दोन दूरच्या भाषांनी प्राण्याची एकच ओळख सांगावी, यातच मोठा बोध आहे. ज्याला वाचा नाही त्याच्या वतीने बोलण्याचे उत्तरदायित्व वाचा असणाऱ्यावर येते.

निरुपयोगी झाली तरी हक्क संपत नाही

इस्लामी धर्मशास्त्रात प्राण्यांचे हक्क हा विषय नवा नाही. सातव्या हिजरी शतकातील थोर शाफई विद्वान इमाम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (रह.), ज्यांचे निधन हिजरी 660 मध्ये झाले, त्यांनी आपल्या ‘कवाइदुल अहकाम’ या ग्रंथात माणसावर असलेले प्राण्यांचे हक्क क्रमाने मांडले आहेत. त्यांत अगदी पहिला हक्क पोषणाचा आहे. आणि तो सांगताना त्यांनी स्पष्ट केले आहे की, प्राणी वयाने थकला किंवा इतका आजारी झाला की त्याच्यापासून कसलाही लाभ उरला नाही, तरीही हा खर्च मालकावर राहतो. पुढे ते म्हणतात की, त्याला इजा करील अशा प्राण्यासोबत त्याला ठेवू नये आणि त्याच्या पिल्लाला त्याच्या डोळ्यांदेखत जबह करू नये.

कोकणपट्टीतील आपले बहुसंख्य बांधव शाफई आहेत आणि घाटावरील बहुसंख्य हनफी. मालकाने प्राण्याचे पोषण सोडले तर काय करावे, याबाबत दोन्ही पंथांत थोडा फरक आहे. शाफई, मालिकी आणि हंबली विद्वानांच्या मते काझी अशा मालकाला भाग पाडू शकतो: खाऊ घाल, विकून टाक, अथवा खाण्याजोगा प्राणी असेल तर जबह कर. हनफी पंथाच्या प्रसिद्ध मतानुसार काझी सक्ती करणार नाही, परंतु मालक अल्लाहसमोर गुन्हेगार ठरेल. इमाम अबू यूसुफ (रह.) यांच्याकडून तर सक्ती करण्याचेच मत वर्णिले गेले आहे. मतभेद एवढाच की जाब येथे विचारला जाईल की तेथे. जाब विचारला जाईल, यात कोणाचाही मतभेद नाही.

या चर्चेतून आपल्यासारख्या सामान्य माणसासाठी सोपा नियम निघतो. कोंबडी आजारी पडली तर आपल्यापुढे तीन दरवाजे उघडे आहेत. पहिला, तिची शुश्रूषा करावी. दुसरा, आपल्याला जमत नसेल तर जो सांभाळू शकेल अशा माणसाला खरी स्थिती सांगून ती द्यावी. तिसरा, बरी होण्याची आशा नसेल आणि वेदना वाढत असतील तर विनाविलंब, योग्य रीतीने जबह करावी. चौथा दरवाजा आहे तो ‘जगली तर जगली, मेली तर मेली’ म्हणून कोपऱ्यात टाकून देण्याचा. आपल्या अंगणात सर्वाधिक वर्दळ याच दरवाजाने होते आणि शरीअतने नेमका हाच दरवाजा बंद केला आहे.

उपचार ही सुन्नत आहे

आता पहिल्या दरवाजाकडे वळू. अल्लाहने असा कोणताही आजार उतरविला नाही ज्यासोबत त्याचा इलाज उतरविला नाही, अशा आशयाची हदीस सहीह बुखारीत आहे. इलाज करणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची शिकवण सर्वांना ठाऊक आहे.

आजारी कोंबडी ओळखणे थोडे कठीण असते, कारण ती आपला आजार शक्य तितका लपविते. कळपात दुबळ्याला चोची मारल्या जातात, हे तिला उपजत कळते. म्हणून तुरा फिकट किंवा निळसर झाला, पिसे फुगली, दाण्याकडे धाव घेतली नाही, विष्ठा हिरवट-पांढरी पातळ झाली, ती डोळे मिटून एका जागी उभी राहिली, तर समजावे की आजार आजचा नसून दोन-तीन दिवसांपूर्वीचा आहे. रोज सकाळी खुराडे उघडताना क्षणभर थांबून प्रत्येक कोंबडीकडे पाहणे, हा कराराचाच एक भाग आहे.

पहिले काम तिला वेगळे करण्याचे. प्रेषितांनी (स.) आजारी उंटांच्या मालकाला आपले उंट निरोगी उंटांच्या कळपात आणण्यास मनाई केली, ही हदीस बुखारी व मुस्लिम दोहोंत आहे. चौदाशे वर्षांपूर्वीची ही आज्ञा आज प्रत्येक पशुवैद्य आपल्याला पुन्हा सांगतो. वेगळे ठेवण्यात दोघांचेही हित आहे: इतरांना लागण होत नाही आणि तिला चोचींपासून संरक्षण मिळते. जखम असेल तर हे अधिकच आवश्यक, कारण रक्त दिसले की इतर कोंबड्या त्याच जागी टोचत राहतात.

दुसरे काम ऊब आणि पाणी. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे 41 अंश सेल्सिअस असते. आजारात ते टिकविण्यासाठी तिला ऊब लागते. भाताचे तूस किंवा जुने कापड पसरलेली पेटी, वाऱ्यापासून आडोसा, रात्री थंडी असेल तर सुरक्षित अंतरावर बल्ब, एवढे बहुतेक घरांत शक्य असते. पाणी उथळ भांड्यात, तिला मान फार वाकवावी न लागेल असे ठेवावे. बळेच घशात ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊन ती गुदमरू शकते. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावला की ती स्वतः गिळते. तांदळाची कणी मऊ शिजवून थोडी-थोडी द्यावी.

मुंगूस, मांजर किंवा कुत्र्याच्या तोंडातून सुटलेल्या कोंबडीची जखम कोमट मिठाच्या पाण्याने स्वच्छ धुवावी आणि माश्या बसणार नाहीत याची काळजी घ्यावी. दाताची जखम वरून लहान दिसली तरी आत खोल असते, म्हणून तिला पशुवैद्याकडे नेणेच योग्य.

काही रोगांपुढे मात्र घरगुती उपाय चालत नाहीत. आपल्याकडे ज्याला मानमोडी म्हणतात तो राणीखेत रोग विषाणूमुळे होतो. मान पिळवटते, पंख व पाय लुळे पडतात आणि पाहता पाहता खुराडे रिकामे होते. त्यावर रामबाण औषध नाही, परंतु लस आहे. पिल्लू आठवडाभराचे असताना डोळ्यात किंवा नाकात लसीचा थेंब टाकला जातो आणि पुढे ठरलेल्या वयात पुन्हा लस टोचली जाते. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात याची माहिती मिळते. जी विपत्ती एका थेंबाने टळू शकते ती आल्यावर ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून मोकळे होणे, हे तवक्कुल नव्हे. तो आळस आहे आणि आळसाला तकदीरचे नाव देणे अधिक वाईट.

उपचारासोबत दुआही करावी. मकतबमधील एका लहान मुलाने मला विचारले होते की, कोंबडीसाठी दुआ मागितली तर चालते का? इतर मुले हसली. परंतु ह. जाबिर (रजि.) यांच्या थकलेल्या उंटाचा प्रसंग त्यांना सांगितला तेव्हा वर्ग शांत झाला. त्या उंटाने चालणे जवळजवळ सोडले होते आणि ह. जाबिर (रजि.) त्याला सोडून देण्याच्या विचारात होते. प्रेषित (स.) मागून आले, त्यांनी उंटाला हलकेच हाकले, त्याच्यासाठी दुआ केली आणि तो पूर्वी कधी चालला नव्हता असा चालू लागला. जेव्हा अल्लाहचे प्रेषित (स.) एका जनावरासाठी दुआ करतात तेव्हा आपण संकोच का करावा? मात्र दुआ अल्लाहजवळच करावी. खुराड्याला काळा दोरा, लिंबू-मिरची, कोंबडीच्या पायात गंडा, यांना दीनमध्ये स्थान नाही. उंटांच्या गळ्यात बांधलेल्या दोऱ्या कापून टाकण्याचा आदेश प्रेषितांनी (स.) दिला होता, हे स्मरणात असू द्यावे.

झाकलेले कोंबडे

आता दुसऱ्या दरवाजाविषयी, आणि येथे फार सावध राहिले पाहिजे. कोंबडी मलूल दिसू लागली की ‘मरण्यापूर्वी विकून टाका’ हा सल्ला शेजारपाजारचे लोक तत्परतेने देतात. आठवड्याच्या बाजारात टोपलीत झाकून, डोळ्यांवर पाणी शिंपडून, क्षणभर ताजीतवानी दिसणारी कोंबडी गिऱ्हाइकाच्या हाती दिली जाते. विकणारा घरी येतो आणि नुकसान टळले म्हणून समाधान मानतो.

बंधूंनो, प्रेषित (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. आतील धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे जाहीर केले. ओले धान्य खाणाऱ्याचे फारसे बिघडत नाही. आजारी कोंबडी मात्र दुसऱ्याच्या अंगणात गेली की त्याचे सारे खुराडे बसवू शकते. बहुधा तो घेणाराही आपल्याइतकाच गरीब असतो. आपल्याकडे म्हण आहे की, कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. कयामतच्या त्या पहाटेही कोणतीही टोपली काही झाकू शकणार नाही. आजार सांगून विकावी, कमी दाम मिळाला तरी त्यात बरकत आहे. रोग पसरणारा असेल तर विकूच नये.

अनेक कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर ती बातमी लपविणे हा तर साऱ्या वस्तीवर अन्याय आहे. 2006 च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यातील नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर परिसरात, देशात प्रथमच बर्ड फ्लू आढळला आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. साथ पसरलेल्या भूमीत जाऊ नये आणि तेथे असाल तर बाहेर पडू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण माणसांच्या साथीबाबत आहे. स्वतःला व इतरांना इजा पोहोचवू नये, हे तिचे मूळ तत्त्व मात्र येथेही लागू होते. अशा वेळी पशुसंवर्धन खात्याला त्वरित कळवावे. मेलेली कोंबडी नाल्यात किंवा उकिरड्यावर फेकू नये, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी आणि हात साबणाने धुवावेत.

सुरी उचलण्यापूर्वी

तिसरा दरवाजा जबहचा. सूरह अल-माइदाच्या तिसऱ्या आयतीत मेलेला, गुदमरलेला, आघाताने वा पडून मेलेला आणि हिंस्र पशूने खाल्लेला प्राणी निषिद्ध ठरविला आहे. मात्र जो जिवंतपणी जबह करता आला त्याचा अपवाद केला आहे. ह. कअब बिन मालिक (रजि.) यांच्या घरची एक दासी मदीनेजवळील सलअ डोंगरापाशी बकऱ्या चारत होती. एक बकरी मरणोन्मुख दिसताच तिने दगड फोडून त्याच्या धारेने ती जबह केली. प्रेषितांनी (स.) ती खाण्याची अनुमती दिली. म्हणून कुत्र्याने धरलेली कोंबडी जिवंत असेल तर जबह करून खाता येते. मेली असेल तर ती हराम आहे, मग पाच मिनिटांपूर्वी मेलेली का असेना. ‘वाया जाईल’ ही सबब अल्लाहच्या मर्यादेपुढे टिकत नाही.

रोगाने ग्रासलेली कोंबडी जबह केल्याने मांस हलाल ठरले तरी ते आरोग्यास घातक असेल तर खाऊ नये. तिला औषधे दिली असतील तर पशुवैद्य सांगेल तितके दिवस अंडी व मांस दोन्ही टाळावे. ह. इब्ने उमर (रजि.) घाण खाणारी कोंबडी तीन दिवस कोंडून, स्वच्छ आहार देऊन मगच खात असत, असे वर्णन आहे. पोटात जाणाऱ्या घासाची एवढी काळजी आपल्या पूर्वजांनी घेतली आहे.

आणि सुरी तिच्यासमोर घासू नये. एका माणसाने बकरीला आडवे पाडून तिच्या डोळ्यांदेखत सुरीला धार लावली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला, तू हिला दोनदा मारू इच्छितोस काय, अशा शब्दांत फटकारले. एका कोंबडीसमोर दुसरी कापणेही याच कारणाने टाळावे.

येथे घरातील पुरुषांना एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे कोंबड्या बहुधा घरातील स्त्री पाळते. पिल्ले तिने वाढविलेली असतात, अंड्यांचे पैसे तिच्या पदराच्या गाठीत असतात. स्त्रीच्या कमाईवर स्त्रीचाच हक्क आहे, असे सूरह अन-निसाच्या 32 व्या आयतीत स्पष्ट सांगितले आहे. म्हणून तिच्या कोंबडीचे काय करायचे, औषध द्यायचे की जबह करायची, हे तिला विचारल्यावाचून ठरविणे हा दुहेरी अन्याय आहे: एक मुक्या जीवावर आणि दुसरा, बोलू शकत असूनही न बोलणाऱ्या जीवावर.

मुलांच्या डोळ्यांतील पाणी

शेवटचा मुद्दा मुलांविषयी. ह. अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्याजवळ एक छोटेसे पाखरू होते. त्याच्याशी तो खेळत असे. ते पाखरू मेले आणि मुलगा उदास झाला. प्रेषित (स.) त्या घरी आले. त्यांच्या खांद्यावर साऱ्या उम्मतचा भार होता, तरी त्यांनी त्या बालकाला सन्मानाने नाव घेऊन हाक मारली आणि नावाशी यमक जुळवून त्याच्या पाखराविषयी विचारपूस केली. ‘पाखरासाठी काय रडतोस’ असे ते म्हणाले नाहीत.

आपल्या घरी मूल आजारी कोंबडीजवळ बसून रडत असते तेव्हा आपण काय म्हणतो? ‘दुसरी आणू’, नाहीतर ‘मर्दासारखा राहा’. त्या क्षणी आपण त्याच्या हृदयातील रहमतचे एक रोपटे उपटत असतो. उद्या हेच मूल मोठे होऊन आपल्या म्हातारपणाच्या खाटेजवळ उभे राहणार आहे. निरुपयोगी झालेल्या जीवाशी कसे वागायचे, हे ते आज खुराड्यापाशी शिकत आहे.

आणि मुले क्रूर वागली तर? ह. इब्ने उमर (रजि.) यांनी एका घरी पाहिले की, एका मुलाने कोंबडी बांधून तिच्यावर नेम धरला आहे. त्यांनी स्वतः जाऊन कोंबडी सोडविली, कोंबडी आणि मुलगा दोघांनाही घेऊन ते वडीलधाऱ्यांकडे आले आणि आपल्या मुलांना आवरा, प्राण्याला बांधून मारण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे, असे बजाविले. इतक्या थोर सहाबीने एका कोंबडीची दोरी सोडण्यासाठी आपली पावले खर्ची घातली. त्यांना ते काम क्षुल्लक वाटले नाही. आणि जाब त्यांनी मुलाच्या मोठ्यांना विचारला.

बंधू-भगिनींनो, सहीह मुस्लिममधील एका हदीसनुसार कयामतच्या दिवशी प्रत्येक हक्कदाराला त्याचा हक्क मिळेल, इतका की शिंगे नसलेल्या बकरीला शिंगवाल्या बकरीकडून बदला मिळवून दिला जाईल. जो न्यायाधीश दोन बकऱ्यांमधील हिशेब सोडणार नाही, तो माणूस आणि कोंबडी यांच्यामधील हिशेब सोडील काय? आज घरी गेल्यावर खुराड्यापाशी थोडे थांबा. पाणी स्वच्छ आहे का, कोपऱ्यात कोणी मान टाकून बसले आहे का, ते पाहा. कदाचित आपल्या क्षमेचे कारण तेथेच, तुसावर बसून आपली वाट पाहत असेल.

हे अल्लाह, आम्हाला तुझ्या मुक्या जीवांचे हक्क ओळखण्याची सद्बुद्धी दे. आमच्या हातांत शक्ती दिली आहेस, तर हृदयांत दयाही दे. जे आमच्या कडीकुलपात आहेत त्यांच्याबाबत आम्हाला त्या दिवशी लज्जित करू नकोस आणि आम्ही दुर्बल, आजारी व निरुपयोगी होऊ त्या दिवशी आमच्यावर दया कर. आमीन, या रब्बल आलमीन.